पायांवर कडी घातलेला खेकडा: फोटोवरून ओळखायचा कसा?

‘हा कोणता खेकडा?’ एवढंच लिहून पाठवलेले फोटो मला सारखे येतात. फोटो मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरचा असेल तर बरेचदा तो एकच भिडू निघतो, कॅरिब्डिस ॲन्युलाटा. ॲन्युलाटा म्हणजे कडी असलेला. फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने १७९८ साली त्याला हे नाव दिलं, आणि पायांवरचे निळसर-जांभळे न्‌ फिकट पट्टे बघितले की नाव का दिलं ते लगेच कळतं.

पण नुसत्या रंगावर जाऊ नका. लहान पिल्लांचा रंग वेगळा दिसतो, ओल्या कवचावर ऊन पडलं की फोटोत भलताच येतो.

आधी पायांची शेवटची जोडी बघा. टोक वल्ह्यासारखं चपटं असेल तर खेकडा पोहणाऱ्यांपैकी आहे. आता तुम्ही म्हणाल, बाजारातल्या चिंबोरीलाही अशी वल्ही असतात की! बरोबर, ती याच कुळातली. म्हणून पुढची पायरी, दात मोजणं. तोंडातले नव्हे हो! डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून पाठीच्या कवचाच्या कडेने मागे जा. कॅरिब्डिसला एका बाजूला सहा दात असतात, चिंबोरीला नऊ. पाठीवर तीन लाल ठिपके असलेला खेकडा कोळणींच्या पाटीत बघितला असेल, त्यालाही नऊच, आणि शेवटचा दात लांब काट्यासारखा. खरा गोंधळ होतो तो थॅलमिटाशी. तोही खडकांतच राहतो, पण त्याला सहसा पाचच दात असतात आणि त्याचे डोळे एकमेकांपासून खूप लांब असतात.

म्हणून मी सांगते, एक फोटो बरोब्बर वरून काढा. दुसरा मागच्या पायांचा. खेकडा हातात धरायची गरज नाही, हा पटकन अंगावर येतो आणि नांगी जोरात लागते. कात टाकलेलं रिकामं कवच मिळालं तर उत्तमच, त्यावर दात निवांत मोजता येतात. हलकं आणि मागच्या बाजूने उघडलेलं असेल तर ती कात, मेलेला खेकडा नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या ओहोटीला जा. दगड उचललात तर होता तसाच परत ठेवा, खाली कुणाचं तरी घर असतं. आणि चप्पल नको, बूट घाला, कालवांची धार फार वाईट.

एवढा खटाटोप कशाला? २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ हलवले गेले. अशा ठिकाणी आधी काय होतं हे सांगायला नोंदी लागतात. तुमचा फोटो, तारीख आणि जागा आय-नॅचरलिस्टवर टाकली की ती नोंदच झाली. फक्त सहा दात दिसू द्या त्यात.