रात्री तीन वाजता घर सोडावं लागलं तर पाठीवर कोणती बॅग हवी?

२३ सप्टेंबर २०२३. शनिवारची पहाट. आदल्याच दिवशी नागपुरात घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण झालं होतं, अनेकांकडे पाहुणे मुक्कामी होते. रात्री पावसाने जोर धरला आणि अवघ्या चार तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त पाणी कोसळलं. त्यातलं बहुतेक रात्री दोन ते चारच्या दरम्यान. अंबाझरी तलाव ओसंडून वाहायला लागला, नाग नदीने पात्र सोडलं आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, शंकर नगर या भागांतल्या तळमजल्यांवर पाणी शिरलं. मोरभवन बसस्थानकात उभ्या असलेल्या एसटी पाण्यात गेल्या.

एनडीआरएफ आणि एसडीआरएफच्या तुकड्या उतरल्या, मदतीला लष्कराचे जवान आले. बोटींमधून शेकडो लोकांना बाहेर काढण्यात आलं. त्यात मूकबधिर विद्यालयातली मुलंही होती. किमान चार जणांचा मृत्यू झाला. त्यांच्यात अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्धेचाही समावेश होता.

गंमत अशी की, देशभरातल्या लोकांना आपत्तीत काय करायचं हे शिकवणारी संस्था १९५७ पासून याच शहरात आहे. पण पाणी पलंगापर्यंत आल्यावर काय उचलायचं, हे त्या रात्री बहुतेक घरांत ठरलेलं नव्हतं. कुणी गॅस सिलिंडर वर ठेवत होतं, कुणी गाडीची चावी शोधत होतं. आणि कागदपत्रं कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात होती.

म्हणून प्रश्न साधा आहे. घर सोडायला पाच मिनिटं असतील, तर पाठीवर कोणती बॅग हवी?

इंटरनेटवर 'इमर्जन्सी बॅग' असं शोधलं की समोर येतात साठ-सत्तर लिटरच्या मिलिटरी स्टाइलच्या सॅक. भरपूर पट्टे, भरपूर कप्पे आणि आत तंबूपासून कुऱ्हाडीपर्यंत सगळं. ही कल्पना मुख्यतः अमेरिकेतून आली. तिथे चक्रीवादळं किंवा वणव्यांमुळे माणसं कित्येक दिवस घराबाहेर राहतात, त्यामुळे तिथे तीन दिवसांचं सामान सोबत ठेवायला सांगतात. जपानमध्येही भूकंपासाठी घराच्या दाराजवळ अशी पिशवी ठेवायची पद्धत आहे.

नागपूरचा प्रश्न वेगळा आहे. इथला पूर काही तासांत येतो आणि बहुतेक वेळा काही तासांतच ओसरतो. माणूस जंगलात जात नाही, तर चार गल्ल्या पलीकडे नातेवाइकांकडे, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे किंवा मनपाच्या शाळेत जातो. कठीण असतात ती पहिली पंधरा मिनिटं. अंधार, गुडघाभर गढूळ पाणी, कडेवर मूल आणि सोबत आई-वडील. त्यामुळे बॅग निवडायची ती या पंधरा मिनिटांसाठी. बाकीचं पुढे मिळतं.

हात मोकळे पाहिजेत

सुटकेस नको, हातातली कापडी पिशवी नको आणि एका खांद्यावरची लॅपटॉप बॅगही नको. पाण्याखालचा रस्ता दिसत नाही. गटाराचं झाकण उघडं असू शकतं, म्हणून एका हातात पुढची जमीन चाचपायला काठी लागते. दुसऱ्या हातात म्हाताऱ्या माणसाचा हात असतो. एका खांद्यावरची बॅग अशा वेळी पुढे घसरते आणि नेमका तोल जातो. दोन खांद्यांची, पाठीला चिकटून बसणारी सॅक एवढ्याच कारणासाठी हवी.

आकार किती? एका माणसाला २० ते ३० लिटर पुरते. म्हणजे कॉलेजची मुलं वापरतात तेवढी. मोठी सॅक घेतली की ती भरली जाते, हा अनुभव प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक घराला आहे. साठ लिटरची ट्रेकिंग सॅक रिकामी असतानाच दीड-दोन किलोची असते, साधी २५ लिटरची अर्धा-पाऊण किलोची.

वजनासाठी एक हिशेब उपयोगी पडतो. शाळेच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असं केंद्राचं २०२० चं धोरण सांगतं. धडधाकट मोठ्या माणसाने पंधरा टक्क्यांपर्यंत जायला हरकत नाही. ५५ किलोच्या बाईच्या पाठीवर त्यामुळे साडेपाच ते आठ किलोच भार यावा. आता बेरीज करून बघा. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. कागदपत्रं, औषधं, पॉवर बँक आणि टॉर्च मिळून साधारण दीड-दोन किलो. एक जोडी कपडे, टॉवेल, खजूर-फुटाणे धरले की पाच-सहा किलो झालेच. तंबूला जागा उरत नाही, आणि तो लागणारही नाही.

एकाच मोठ्या सॅकपेक्षा घरातल्या दोन सक्षम माणसांकडे दोन लहान सॅक असणं बरं. औषधं दोन्हींत थोडी थोडी विभागावी. एक बॅग हातची गेली तरी बीपीची गोळी दुसरीत असते.

'वॉटरप्रूफ' लिहिलंय म्हणून...

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. बर्डीच्या मेन रोडवर असो की ऑनलाइन, 'वॉटरप्रूफ' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक सॅक फक्त रिमझिम पावसात तग धरतात. कापडाला आतून पातळ लेप दिलेला असतो, त्यामुळे कापडातून पाणी येत नाही. पण शिलाईच्या प्रत्येक टाक्याला सुईचं भोक असतं. चेनच्या दातांमधून पाणी झिरपतं. आणि तो लेपही कायमचा नसतो. उष्णता आणि दमट हवेत काही वर्षं गेली की तो चिकट होतो, पापुद्र्यांसारखा निघतो. माळ्यावरची जुनी सॅक काढली आणि हाताला काळे-पांढरे कण लागले, तर तिचा लेप गेला असं समजा.

मग रेन कव्हर? तेही पुरात कामाचं नाही. कव्हर पावसासाठी बनवलेलं असतं, म्हणजे वरून पडणाऱ्या पाण्यासाठी. पाठीकडची बाजू उघडीच राहते. कमरेएवढ्या पाण्यातून चालताना पाणी खालून येतं, आणि कव्हरच्या तळाशी साचून बसतं ते वेगळंच.

यावरचा उपाय स्वस्त आहे. बॅग भिजणारच हे मान्य करायचं आणि आतलं सामान कोरडं ठेवायचं. सॅकच्या आत एक मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घालायची, सगळं सामान तिच्यात ठेवायचं, तोंड पिळून दुमडायचं आणि रबराने घट्ट बांधायचं. थोडे जास्त पैसे असतील तर ट्रेकिंगच्या दुकानात 'ड्राय बॅग' मिळते. तिचं तोंड तीन-चार वेळा गुंडाळून क्लिप लावायची असते. तोंड नीट बंद असेल तर आतल्या हवेमुळे अशी बॅग काही वेळ तरंगतेसुद्धा. कागदपत्रं आणि मोबाइल यांना या पिशवीच्या आत आणखी एक झिपवाली पिशवी असावी.

दुकानदारावर विसंबायची गरजच नाही. सॅकमध्ये अस्तराची पिशवी घाला, तिच्यात रद्दीचे पेपर भरा, तोंड बांधा आणि सॅक बाथरूमच्या टबात दहा मिनिटं दाबून धरा. पेपर कोरडे निघाले तर बॅग पास.

पट्टे कसे बघायचे

बॅग फाटते ती बहुधा पट्ट्याच्या वरच्या टोकाला, जिथे पट्टा पाठीच्या कापडाला शिवलेला असतो. तिथे आडव्या-तिरप्या अशा दुहेरी शिलाया आहेत का ते बघावं. पट्टे रुंद आणि गादीदार हवेत. तळाचं कापड जाड हवं. चेन मोठ्या दातांची असावी, आणि ओल्या हाताने ओढता येईल अशी दोरी तिला बांधून घ्यावी. छातीवरचा छोटा पट्टा असेल तर उत्तमच, त्यामुळे खांद्याचे पट्टे घसरत नाहीत.

पण याच पट्ट्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कोरड्या रस्त्यावर आणि जिन्यावर छातीचा आणि कमरेचा पट्टा लावून ठेवावा. वाहत्या पाण्यात पाय टाकण्याआधी मात्र दोन्ही सोडावेत. जोरात वाहणारं अर्धा फूट पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकतं. पडल्यावर बॅग पाण्याबरोबर ओढायला लागली तर ती एका झटक्यात खांद्यावरून काढून टाकता आली पाहिजे. बॅग जाऊ द्यायची. मुळात वाहत्या पाण्यात उतरायचंच नाही, वरच्या मजल्यावर थांबून ११२ वर किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर फोन करायचा, हे जास्त शहाणपणाचं. बोट आली तर लाइफ जॅकेट बॅगेवरून घालायचं नाही. आधी बॅग उतरवायची, जॅकेट अंगाला घट्ट बांधायचं आणि बॅग पायाशी ठेवायची.

रंगाचंही थोडं ऐकावं लागेल. काळी किंवा मिलिटरी छापाची सॅक दिसायला रुबाबदार असते, पण वीज गेलेल्या घरात ती सापडत नाही आणि बोटीवरून बघणाऱ्याला तुम्हीही दिसत नाही. नारिंगी, पिवळी, लाल अशी कुठलीही भडक चालेल. काळीच असेल तर तिच्यावर सायकलवाल्याकडे मिळणारी चमकणारी पट्टी चिकटवावी.

कागदं वाचवायची कशाला?

२०२३ च्या पुरानंतर सरकारने बाधित कुटुंबांना दहा हजार रुपयांची तातडीची मदत जाहीर केली, दुकानांचे पंचनामे सुरू झाले. मदत कोणतीही असो, कुणीतरी दारात येतं आणि नाव, पत्ता, आधार, बँक खातं विचारतं. चिखलात भिजलेलं पासबुक तेव्हा उघडत नाही. आधार, पॅन, लायसन्स यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये असाव्यातच, संबंधित विभागाने तिथे थेट जारी केलेल्या प्रती कायद्याने मूळ कागदांइतक्याच ग्राह्य धरल्या जातात. पण घराची कागदपत्रं, जुन्या गुणपत्रिका, विमा पॉलिसी आणि डॉक्टरांची फाइल यांचं प्रत्येक वेळी तसं नसतं. यातलं जे दुसऱ्यांदा मिळवायला त्रास होईल, ते बॅगेत किंवा निदान वरच्या मजल्यावर हवं. फोन बंद पडेल हे धरून चार महत्त्वाचे नंबर कागदावरही लिहून ठेवावेत.

ठेवायची कुठे, हा प्रश्न नागपुरात वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. दिवाणखाली ठेवली तर पाण्यात तीच आधी जाते. माळ्यावर ठेवली तर मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर तिथली हवा भट्टीसारखी तापते. औषधं खराब होतात, पॉवर बँक फुगते. दाराजवळच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, सावलीत एक मजबूत खुंटी ही त्यातल्या त्यात बरी जागा. इन्सुलिन फ्रिजमध्येच राहणार, त्यामुळे बॅगेवर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावावी: 'फ्रिजमधलं इन्सुलिन, चष्मा, कवळी'. तीन वाजता झोपेतून उठलेल्या माणसाला हे आठवत नाही.

घरात अंथरुणावरचं माणूस असेल तर बॅगेचं सगळं गणित बदलतं. त्यांना उचलायला किमान दोघं लागतात आणि त्या दोघांच्या पाठी मोकळ्या असाव्या लागतात. बॅग तिसऱ्याकडे द्यायची. तिसरा कुणी नसेल तर बॅग राहू द्यायची, फक्त औषधांची आणि कागदांची पिशवी गळ्यात अडकवायची. अशा घराने पाणी उंबऱ्याला लागायची वाट न बघता, पाऊस थांबत नाही असं दिसताच वरच्या मजल्यावर जायला हवं. वरच्या शेजाऱ्यांशी हे आधीच बोलून ठेवणं कुठल्याही सॅकपेक्षा जास्त कामाला येतं.

नवी बॅग विकत घ्यायलाच हवी असंही नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात आणि त्याच सुमारास घराघरांत नवी दप्तरं येतात. जुनं दप्तर बोहारणीला देण्याआधी त्याचे पट्टे ओढून बघावेत, शिलाई तपासावी, आत जाड पिशवी घालावी. मग भरून, दिवे बंद करून, ते पाठीवर घेऊन एकदा जिना चढून-उतरून बघायचं. खांदे भरून आले तर काय काढायचं ते तेव्हाच कळतं. गोळ्यांची मुदत आणि टॉर्चचे सेल बघायलाही तोच मुहूर्त चांगला.