फरशीवरचा पांढरा डाग आणि ॲसिडची बाटली

अंगणात शहाबादी फरशी घातली, पहिला पावसाळा सरला, आणि फरशीवर पांढरट डाग दिसायला लागले. कुणीतरी लगेच सांगतं, "ॲसिडने धुऊन टाका, निघून जाईल." तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर बाटली उघडण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: डाग कशामुळे आलाय, आणि ते मला कळणार कसं?

आधी दगड ओळखूया. महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्टचा आहे. पण शहाबादी येते कर्नाटकातल्या कलबुर्गी भागातून, कोटा राजस्थानातून आणि कडप्पा आंध्रातून. हे तिन्ही चुनखडक आहेत; त्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट.

आता डागाची तीन संभाव्य कारणं, म्हणजे आपली गृहीतकं:

१. खालचा ओलावा. फरशीखालच्या सिमेंटमधला चुना पाण्यात विरघळून सांध्यांतून वर येतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याची अभिक्रिया होते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो.

२. वरचं पाणी. बोअरचं जड पाणी पुन्हा पुन्हा सुकलं की क्षार मागे राहतात.

३. दगडाचीच झीज. आधी ॲसिड वापरलं असेल किंवा लिंबू-चिंच सांडून राहिली असेल, तर पृष्ठभाग खाल्ला जातो आणि पांढुरका दिसतो.

बरेच जण लिंबाचे थेंब टाकून बघतात. बुडबुडे आले, म्हणजे क्षार आहेत! पण खालचा दगडही कॅल्शियम कार्बोनेटचाच आहे, त्यावरही बुडबुडे येणारच. नुसतं पाणी टाकलं, तर तिन्ही प्रकारचे डाग ओले असेपर्यंत फिके पडतात. तिन्ही गृहीतकांसाठी एकच उत्तर देणारी चाचणी कितीही सोपी असली तरी निरुपयोगी आहे.

मग काय बघायचं? आधी जागा. डाग सांध्यांच्या कडेने असेल तर खालच्या ओलाव्याचा संशय घ्या. नळाखाली असेल तर जड पाण्याचा. मग स्पर्श. बोटाला पूड लागते, कडक पापुद्रा जाणवतो, की काहीच निघत नाही आणि दगड फक्त खरखरीत लागतो? शेवटचं असेल तर ती झीज.

ओलाव्यासाठी पाऊस नसताना, सावलीत, डागावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दिवसभर ठेवा. दुसरा तुकडा स्वच्छ, कोरड्या फरशीवर लावा. हा तुमचा कंट्रोल. फक्त डागावरच्या प्लास्टिकखाली पाणी साचलं, तर ओलावा खालून येतोय असं म्हणायला आधार मिळतो.

कारणानुसार उपाय बदलतो. झीज असेल तर पुन्हा पॉलिश करावं लागतं. जड पाणी असेल तर गळका नळ दुरुस्त करा. पूड असेल तर कोरड्या ब्रशने झाडा. ओलावा खालून येत असेल तर दोष बहुधा बसवण्यात असतो. माती नीट ठोकलेली हवी, तिच्यावर मुरूम-खडीचा दाबलेला थर हवा. भिंतीपासून बाहेर दर मीटरला सव्वा ते दीड सेंटिमीटर उतार हवा, म्हणजे ३ मीटरच्या अंगणाला साधारण ४ सेंटिमीटर. मसाला फरशीखाली सगळीकडे भरलेला हवा. चार कोपऱ्यांत गोळे ठेवले तर मधल्या पोकळीत पाणी साचतं. फरशीवर टकटक केलं की पोकळ आवाजावरून हे कळतं. ओलावा असताना वरून सीलर मारू नका, पाणी आतच कोंडतं.

रोजच्या सफाईला पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरेसा आहे.

आता ॲसिडचा हिशोब. ७३ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळवतं. ते डागातलं की दगडातलं, हा फरक त्याला कळत नाही. शिवाय धुतल्यावर डागाची जागा, पूड, पापुद्रा हे सगळं जातं आणि निदान करायला काही उरत नाही. म्हणून प्रयोगशाळेतही नमुन्यावर प्रक्रिया करण्याआधी त्याचे फोटो घ्या, नोंदी करा, आणि प्रत्येक गृहीतक खरं असेल तर काय दिसेल ते वहीत लिहा. दोन गृहीतकांपुढे एकच उत्तर आलं, तर चाचणी बदला.