दुसरा थेंब

बोटातून आलेला पहिला थेंब सिस्टरनी कापसाने पुसून टाकला. दुसरा आपसूक यायची वाट पाहिली. "दाबून काढायचं नाही, अंगातलं पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो," त्या शेजारच्या शिकाऊ मुलीला म्हणाल्या.

वसई पूर्वेचं आरोग्य केंद्र, जानेवारीची ९ तारीख. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊला सरकारी केंद्रांत गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. बाकावर वीटभट्टीवरून आलेल्या चौघी होत्या. पहिलीला पाचवा महिना. यंत्रावर हिमोग्लोबिन ८.२ उमटलं. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्त कमी, ७ च्या खाली गंभीर.

"माती खावीशी वाटते का गं?"

ती लाजली. भट्टीवरच्या ओल्या मातीचा वास तिला सोडवत नाही. या डोहाळ्यांना आपण हसतो, पण लोह कमी पडल्याची ती खूण असू शकते.

लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. पिशवीतून पाकिटं निघाली, जवळजवळ भरलेली. मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं. सासूने बंद करायला सांगितलं. गोळ्या दिल्याची नोंद रजिस्टरात होती, पण त्या पोटात जातात का हे कुणी विचारलंच नव्हतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला, त्यामागे अशी किती भरलेली पाकिटं असतील, या विचाराने मी अस्वस्थ झाले.

सिस्टर तिच्याजवळ बसल्या. काळा रंग लोहाचाच, घाबरायचं नाही. आता रोज दोन गोळ्या, जेवणानंतर तासाभराने. चहाबरोबर नको, कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको. लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्यासोबत चालेल. जंताची गोळी समोरच चावून खायला लावली. सिकलसेलसाठीही रक्त घेतलं, कारण पालघरच्या आदिवासी पाड्यांवर तो आजार आहे आणि प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचाच असतो असं नाही. गोळ्या नीट घेऊनही महिन्याभरात एक ग्रॅमने वाढलं नाही, तर मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. गरज पडल्यास तिथे शिरेतून लोह देतात.

पण महिन्याने ती येईल का? आणि त्यानंतर? भट्टी पावसाआधी बंद होते, मग कुटुंब गावी जव्हारला परतणार, बाळंतपणही त्याच सुमारास. बाळंतपणात रक्त जातंच, आणि अंगात आधीच कमी असेल तर थोडंही जड जातं. सिस्टरनी कार्डाच्या मागे तिच्या पाड्यावरच्या आशाताईंचा नंबर लिहिला. मग मुकादमाला फोन लावला. पुढच्या नऊला हिला पाठवा, खाडा धरू नका.

"दुपारपर्यंत सोडतो म्हणाला," फोन ठेवत त्यांनी तिला सांगितलं.