मान मोडली, पण कशी?

जोयडा तालुक्यात मानेला मार बसायला कारणे पुष्कळ. कुणी पोफळीवरून पडतो, कुणी मिरी काढताना शिडीवरून. अणशी घाटाच्या वळणावर मोटारसायकल घसरते. तळाचा अंदाज न घेता काळी नदीत सूर मारला जातो. मोठे रुग्णालय मात्र कारवार, हुबळी, बेळगाव, नाहीतर गोव्यात बांबोळीला. म्हणून जखमीबरोबर एक माहिती तिथवर पोचायलाच हवी: मार बसला कसा? मानेच्या अस्थिभंगाचे शास्त्र शंभर वर्षे याच प्रश्नावर उभे राहिले आहे.

१९१३ साली फ्रेडरिक वुड जोन्स यांनी फाशी दिलेल्यांचे मणके तपासले. गाठ हनुवटीखाली असली की डोके झटक्यात मागे जाते आणि दुसऱ्या मणक्याची मागची कमान दोन्ही बाजूंनी तुटते, असे त्यांनी दाखवले. १९२० मध्ये जेफ्री जेफरसन यांनी पहिल्या मणक्याचे कडे फुटण्याचे वर्णन केले. टाळूवर सरळ भार आला की हे घडते.

तिसऱ्या ते सातव्या मणक्यांची व्यवस्थित मांडणी १९८२ साली झाली. अ‍ॅलन, फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी १६५ रुग्णांच्या क्ष-किरण चित्रांवरून सहा गट पाडले: पुढे वाकून दाब, उभा दाब, पुढे वाकून ताण, मागे कलून दाब, मागे कलून ताण आणि बाजूला कलणे. उभ्या दाबाने मणक्याचा चुरा होतो आणि तुकडे मज्जारज्जूकडे सरकतात. वाकून ताण बसला की मागचे सांधे निखळतात. बाजूने काढलेल्या चित्रात वरचा मणका साधारण पाव भाग पुढे सरकला असेल तर एका बाजूचा सांधा निखळलेला असतो. निम्मा सरकला तर बहुधा दोन्ही बाजूंचे.

पायरीवर तोंडघशी पडलेल्या वृद्धांकडे विशेष लक्ष हवे. झिजलेली मान मागे कलते, हाड मोडलेले दिसतही नाही. तरी हात लुळे पडतात आणि पाय त्या मानाने शाबूत राहतात. श्नायडर यांनी १९५४ मध्ये या लक्षणसमूहाचे वर्णन केले. चालता येते म्हणून अशा माणसाला घरी ठेवणे घातक ठरू शकते.

केवळ चित्रावरून मार कसा बसला हे ताडण्याला मर्यादा आहेत. म्हणून २००७ च्या व्हॅकारो यांच्या पद्धतीत अस्थिभंगाचा आकार, चकती व अस्थिबंध आणि मज्जातंतूंची अवस्था या तिन्हींना गुण दिले जातात. तरीही पडताना पाहिलेल्या माणसाच्या सांगण्याचे मोल कमी होत नाही. मोडलेले हाड कुठे शोधायचे, अस्थिबंधांवर संशय कधी घ्यायचा, हे त्यावरून कळते.

तेव्हा अपघात पाहणाऱ्याने १०८ ला फोन करावा, श्वास चालू आहे का ते बघावे. मान ओढू नये, वळवू नये, जखमीला बसवू नये. हलवावेच लागले तर चौघांनी मिळून, डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून. आणि किती उंचीवरून, डोक्यावर की तोंडावर पडला, हातपाय हलत होते का, हे चिठ्ठीवर लिहून रुग्णवाहिकेत द्यावे. डोंगरातल्या गावाला एवढे आजही जमण्यासारखे आहे.