सळयांच्या गावातलं निळं लोह

जालन्यात लोखंड शोधावं लागत नाही. एमआयडीसीत भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं, सळया होऊन ट्रकांत चढतं. म्हणूनच इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोखंडाची धास्ती पाहून मला गंमत वाटली. मी मदत करायला स्टीलचा चिमटा उचलला, तशा तंत्रज्ञ ताई म्हणाल्या, "तो नको सर. प्लास्टिकचा घ्या."

समोर यकृताचा तुकडा होता. मेणाच्या ब्लॉकमधून मायक्रोटोमवर काढलेला, जेमतेम चार मायक्रॉनचा काप. नेहमीच्या एच अँड ई रंगात पेशींमध्ये सोनेरी-तपकिरी कण दिसले होते. ते लोह असेल, पित्त असेल किंवा वयाबरोबर साचणारं लिपोफ्युसिन. नुसतं पाहून खात्री देता येत नाही. त्यासाठी पर्ल्स स्टेन. जर्मन पॅथॉलॉजिस्ट माक्स पर्ल्स यांनी १८६७ मध्ये मांडलेली ही रीत अजून रोजच्या वापरात आहे.

झायलीनने मेण उतरवलं, उतरत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून काप पाण्यापर्यंत आणला. पाणी डिस्टिल्डच, नळाच्या पाण्यात पाइपाचा गंज असू शकतो. मग दोन टक्के पोटॅशियम फेरोसायनाइड आणि दोन टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल समप्रमाणात, ऐन वेळी मिसळून. सकाळचं मिश्रण दुपारी चालत नाही. आम्ल हेमोसिडेरिनमधलं, म्हणजे पेशीत साठवलेलं, लोह सुटं करतं, फेरोसायनाइड त्याला जागच्या जागी पकडतं आणि प्रशियन ब्लू तयार होतो. वीस मिनिटं हे सगळं त्या काचेच्या भांड्यात चालू असतं, आणि बघणाऱ्याला काहीही दिसत नाही. शेवटी न्यूक्लिअर फास्ट रेडने केंद्रकं गुलाबी केली.

भिंगाखाली गुलाबी पेशींत गडद निळे ठिपके होते. शेजारच्या रक्तवाहिनीतल्या तांबड्या पेशी मात्र निळ्या झाल्या नव्हत्या. हिमोग्लोबिन आपलं लोह इतकं घट्ट धरून ठेवतं, की एवढ्या आम्लाला ते सोडवत नाही. निळं दिसतं ते साठलेलं लोह. उदाहरणार्थ, थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावं लागतं. प्रत्येक पिशवीतून दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह येतं, आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. तेच यकृतात असं साठतं.

दुसरी स्लाइड अस्थिमज्जेची होती. तिच्यात निळा ठिपकाही नव्हता. ताईंनी लगेच सोबत रंगवलेली कंट्रोल स्लाइड लावली, ज्यात लोह आहे हे आधीच माहीत असतं. ती निळी निघाली, तेव्हाच त्यांनी 'लोहसाठा नाही' असं वहीत लिहिलं आणि दोन्ही स्लाइड डॉक्टरांच्या टेबलावर पाठवल्या.