चोराचा पोशाख

२०१९ च्या अखेरीस ज्याची साथ सुरू झाली, त्या करोना विषाणूच्या अंगावर प्रथिनांचे काटे असतात. त्यांच्या योगे तो मानवी पेशीत शिरतो. प्रत्येक काटा तीन प्रथिन-साखळ्यांचा बनलेला असून, प्रत्येक साखळीवर शर्करेच्या शाखा जडण्याच्या प्रमुख २२ जागा आहेत. ही शर्करा विषाणू स्वतः बनवीत नाही. ज्या पेशीत तो शिरतो, तीच आपल्या नित्याच्या रीतीने ती काट्यांवर चढविते. आपल्याच घरचा पोशाख ल्यालेला चोर शरीराच्या पहारेकऱ्यांना कसा ओळखू यावा? परंतु काट्याच्या टोकाचा, पेशीला पकडणारा भाग बराचसा उघडा राहतो. रक्तातील प्रतिपिंडे तेथे चिकटून विषाणूची वाट अडवितात. लस म्हणजे पहारेकऱ्यांना चोराची आगाऊ करून दिलेली ओळखच होय.