विश्लेषण : पळणारा संघ बास्केटबॉलचे विजेतेपद जिंकतो का?

पिंपळे सौदागर, रहाटणी, वाकड या पट्ट्यातील अनेक मोठ्या गृहसंकुलांत बास्केटबॉलची निदान एक बास्केट उभी असते. अमेरिकेतील एनबीएचे सामने आपल्याकडे भल्या सकाळी होतात. त्यामुळे हिंजवडीची बस गाठता गाठता मोबाइलवर शेवटचे सत्र पाहणारेही इथे सापडतात. २०२५ च्या अंतिम मालिकेत इंडियाना पेसर्स हा धावता संघ सातव्या सामन्यात ओक्लाहोमा सिटी थंडरकडून ९१-१०३ असा हरला आणि जुना वाद पुन्हा निघाला. सतत पळणारा संघ साखळीत गर्दी खेचतो, पण करंडक उचलतो का?

वेगवान शैली म्हणजे काय?

चेंडू हाती येताच, समोरचा बचाव उभा राहण्याआधी पलीकडची बास्केट गाठायची. एनबीएत एका आक्रमणाला २४ सेकंद मिळतात. हा नियम १९५४ चा. त्याआधी आघाडी घेतलेला संघ चेंडू धरून बसत असे. नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने मिनीयापोलिस लेकर्सला १९-१८ असे हरवले होते. पूर्ण सामन्याचे गुण आहेत हे, एका सत्राचे नव्हेत!

संघाचा वेग मोजताना ४८ मिनिटांत चेंडूचा ताबा किती वेळा मिळाला हे पाहतात. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ताबा आलटून-पालटून मिळतो. तुम्ही सात सेकंदांत फेकी केलीत की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो, म्हणजे त्याच्याही संधी तेवढ्याच वाढतात. नुसत्या पळण्याने जास्तीची संधी मिळत नाही. फायदा होतो तो सरस संघाला. संधी जितक्या जास्त, तितका नशिबाचा वाटा कमी. टी-ट्वेंटीत दुबळा संघ बलाढ्याला धक्का देऊ शकतो, पाच दिवसांच्या कसोटीत ते अवघड जाते, तसेच हे. दुबळ्या संघाने खरे तर खेळ संथ करायला हवा.

फिनिक्सचे काय बिनसले?

या वादातील कायमचा साक्षीदार म्हणजे प्रशिक्षक माइक डीअँटोनी यांचा फिनिक्स सन्स. ‘सात सेकंद किंवा कमी’ हीच त्यांची ओळख. स्टीव्ह नॅशच्या या संघाने २००४-०५ मध्ये ८२ पैकी ६२ सामने जिंकले, पण पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत सॅन अँटोनियो स्पर्सकडून १-४ अशी हार पत्करली. २००६ मध्ये डॅलसने आणि २००७ मध्ये पुन्हा स्पर्सने त्यांना रोखले. अंतिम मालिका त्यांना कधीच गाठता आली नाही.

टीकाकारांनी लगेच निकाल दिला : पळून करंडक मिळत नाही. तो घाईचा होता. २००५ मध्ये जो जॉन्सन जखमी झाला, पुढच्या मोसमात अमारे स्टुडमायर जवळपास संपूर्ण मुकला आणि २००७ मध्ये बाकावरून उठून मैदानात आल्याबद्दल स्टुडमायर व बोरिस डिआव यांच्यावर ऐन मालिकेत एका सामन्याची बंदी आली. तरीही एक दोष उरतोच. डीअँटोनी मोजक्या सात-आठ खेळाडूंवर भिस्त ठेवत. पळायचे तर बाकावर ताजे पाय हवेत.

गंमत पाहा. फिनिक्स त्या मोसमात साखळीत सर्वाधिक वेगवान संघांपैकी होता, ताब्यांचा आकडा सुमारे ९६. दीड दशकानंतर संपूर्ण एनबीएची सरासरीच १०० च्या आसपास गेली.

मग जिंकले कोण?

जिंकलेले बरेच आहेत. मॅजिक जॉन्सनच्या लेकर्सने १९८० ते १९८८ या काळात पाच विजेतेपदे मिळवली. पण धाव अडली की करीम अब्दुल-जब्बारकडे चेंडू देऊन संथपणे गुण काढण्याची सोय त्यांच्याकडे होती. २०१४-१५ चा गोल्डन स्टेट वॉरियर्स वेगात पहिला होता आणि बचावातही पहिलाच. थंडरची ताकदही बचावच होती. पेसर्स मात्र नऊ-दहा जणांना खेळवत शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचले. तिथे पहिल्याच सत्रात टायरीस हॅलिबर्टनला गंभीर दुखापत झाली.

पॉल वेस्टहेड यांची कथा सर्वांत बोलकी. १९९०-९१ मध्ये त्यांच्या डेन्व्हर नगेट्सने सामन्यागणिक सरासरी ११९.९ गुण केले आणि १३०.८ दिले! ६२ सामने हरले. याच वेस्टहेड यांनी २००७ मध्ये याच पळत्या शैलीवर महिलांच्या डब्ल्यूएनबीएचे विजेतेपद मिळवले. संघ होता फिनिक्स मर्क्युरी, म्हणजे सन्स जिथे हरले तेच शहर आणि तेच वर्ष. फरक खेळाडूंचा होता; डायना टॉरासी, कॅपी पाँडेक्स्टर त्यांच्याकडे होत्या.

बालेवाडी काय सांगते?

खेळ वेगळा, प्रश्न जवळचा. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटणने साखळीत २२ पैकी १७ सामने जिंकून ९६ गुणांसह अव्वल स्थान घेतले. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे असे चढाईपटू आलटून-पालटून वापरता येत होते. उपांत्य फेरीत पाटण्यावर ३७-२१ अशी मात केली. १ मार्च २०२४ च्या अंतिम सामन्यात मात्र हरियाणाविरुद्ध गुणफलक २८-२५ वरच थांबला. निर्णायक लढतीत कोणी चूक करायला तयार नसतो, खेळ आपोआप आवळला जातो. त्या वेळी मोहम्मदरेझा शादलूसारखा बचावपटू उपयोगी पडतो. त्या हंगामात पकडींचे सर्वाधिक गुण त्याचेच होते.

सोसायटीच्या मैदानावर काय?

संकुलांतील अर्ध्या मैदानावर ही शैली शिकताच येत नाही. दोन्ही संघ एकाच बास्केटवर खेळतात, चेंडू कमानीबाहेर नेऊन पुन्हा सुरुवात करतात. नेम आणि ड्रिबल सुधारतो. पण पूर्ण मैदान २८ मीटर लांब असते. आंतरशालेय स्पर्धेत ही मुले पुढे झेपावतात, बास्केट हुकली की तिथेच उभी राहतात आणि समोरचा संघ मोकळ्या मैदानात गुण नेतो. लहान गटात चेंडू हाताळणे कच्चे असल्याने दबाव टाकून पळणारा संघ सहज जिंकतोही, म्हणून ही उणीव दोन-तीन वर्षे झाकली जाते. मुलाला प्रशिक्षणासाठी घालताना तिथे पूर्ण मैदान आहे का आणि फेकी हुकल्यानंतर मागे परतण्याचा सराव आठवड्यातून किती वेळा होतो, हे शुल्क भरण्याआधी विचारून घ्यावे.